चिंचोलीच्या मातीचा कठडा

लातूरच्या गावभागात, गोलाईपासून हाकेच्या अंतरावर, एक अरुंद बोळ आहे. त्या बोळीत गुरुपादप्पाचं घर. घर जुनं, दगडी. पुढं ओसरी, मधे फरशीचं अंगण आणि अंगणात आड. घराला आतून-बाहेरून चुना दिलेला, चौकटीला हिरवा रंग मारलेला, पण आडाचा कठडा तेवढा उघडा. लाल विटांचा, गिलावा नसलेला. विटाही एकसारख्या नाहीत. काही जळून काळ्या पडलेल्या, काही पिवळट, कच्च्या. नवं माणूस घरात आलं की हटकून विचारतं, "अप्पा, एवढं समदं केलं अन् ह्येच कामून राहिलं?"

गुरुपादप्पा म्हणतो, "राहू द्या."

त्याची बायको नागम्मा चहा ठेवायला आत जाते.

मी चिंचोलीचा, गुरुपादप्पाही मूळचा तिथलाच. गावात त्याच्या तेव्हाच्या किराणा दुकानाला लागून माझी पिठाची गिरणी. त्या घरापायी जे शेत विकलं गेलं, त्याच्या खरेदीखतावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तवा हे सांगायचं माझ्याकडंच येतं.

नागम्मा माहेरची उदगीरच्या पल्याडची. कानडी घरातली. चिंचोलीत येऊन पंधरा वर्षं झाली तरी राग आला की तोंडातून "बेडा" निघायचं, म्हणजे नको. उंच, काळी, हाडापेरानं दणकट बाई. दुकानात गुरुपादप्पा तोलताना बोलायचा आणि ही तोलताना तोंड मिटून असायची, म्हणून गावच्या बाया हिच्याच हातून माल घ्यायच्या. भीमाशंकर नावाचा एक पोरगा. त्याच्या पाठीवर दोनदा पोट पडलं, मग किती वर्षं काही नाही.

दुष्काळ बहात्तरचा म्हणतात, पण आमच्याकडं माणसं मारली ती त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यानं. गावची विहीर माघातच आटली. नदीच्या पात्रात झिरे खोदले. झिऱ्यात घटकाभरानं वाटीभर पाणी साचायचं, ते फडक्यातून गाळून घागरीत घ्यायचं. माणसं, ढोरं, कुत्री, समदी त्याच पाण्यावर. दुकानात गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. वाण्याची बायको असून नागम्मा सडकेवर खडी फोडायला जायची, तेही दिवस गेलेले असताना.

चैत्रातली गोष्ट. गुरुपादप्पा बैलगाडी घेऊन मीठ-गूळ आणायला लातूरला गेला होता. दुपारी गावभागातून जाताना त्याच्या घशाला कोरड पडली. एका दारात उभा राहिला. ते घर माधवराव नावाच्या मास्तरांचं. मास्तर शाळेत. त्यांची बायको सौदामिनीबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "आत या हो, उन्हात काय उभे राहता."

आत गेला तर अंगणात आड. त्यानं वाकून बघितलं. खाली चार पुरुष खोलीवर पाणी, काळंभोर, हललेलंसुद्धा नाही.

"माय, एवढ्या दुष्काळात?"

"या आडाला अजून तरी कमी पडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पोटभर प्या."

तो दोन तांबे प्याला. मग भीत भीत विचारलं, एक डबा भरून नेऊ का, पोराला. बाई हो म्हणाल्या. त्यानं रॉकेलचा रिकामा डबा मागून घेतला, राखेनं घासला, भरला, ओल्या पोत्यात गुंडाळला आणि आठ मैल गाडी अशी हाकली की थेंब सांडू दिला नाही.

गावात शिरला तेव्हा दिवस मावळत होता. त्याच्या दारात माणसं उभी होती. भीमाशंकरला सकाळपासून हगवण-वांती. दुपारी, म्हणजे हा त्या आडावर दुसरा तांब्या पीत होता त्याच सुमाराला, पोरगं गेलं. नऊ वर्षांचं.

नागम्मा उंबऱ्यावर बसली होती. तिनं डब्याकडं बघितलं.

"कुठलं पाणी?"

"लातूरचं. गोड हाय."

"मग आंघोळीला घ्या," ती म्हणाली.

त्या पाण्यानं पोराला धुतलं. लिंगायतात मयताला जाळत नाहीत. मांडी घालून खड्ड्यात बसवतात, गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर ठेवतात, बेल आणि भस्म घालून माती लोटतात. ज्याला शेत आहे तो आपल्याच शेतात जागा करतो. गुरुपादप्पाचं शेत चार एकर, चांगलं काळं. त्याच्या वरच्या कोपऱ्यात लिंबाखाली भीमाशंकरला बसवलं. त्या साली बेलाला पान नव्हतं. विधी करणाऱ्या जंगम स्वामींनी नुसत्या भस्मावर भागवलं. वर चार दगड रचले, बस.

श्रावणात नागम्माला मुलगी झाली. महानंदा.

त्या दिवसापासून गुरुपादप्पाच्या डोक्यात ते घर बसलं. लातूरला गेला की काम असो-नसो, मास्तरांच्या दारात जायचा, आडात डोकावायचा, एक तांब्या पाणी प्यायचा. मास्तरांना म्हणायचा, "गुरुजी, कधी विकायचं झालं तर आधी मला सांगा." मास्तर हसायचे. "अहो, मग आम्ही राहायचं कुठे?" अशी नऊ वर्षं गेली. गावात लोक टिंगल करायचे. "वाणी आडाच्या प्रेमात पडला." मीही केली. तो हसायचा नाही.

नागम्माला ते घर नको होतं. तिचं आपलं चाललेलं असायचं. दुकान, पोरगी आणि दर सोमवारी शेताचा तो कोपरा. दुधाची वाटी, भस्माचं बोट, आणि थोडा वेळ लिंबाखाली टेकायचं. रडताना तिला कुणी बघितलं नाही. एकदा मी शेताकडून येत होतो, तर ती त्या दगडांशी बोलत होती. काय, तर तेलाचा भाव.

ब्याऐंशी साल उजाडलं. महानंदा नऊ वर्षांची झाली आणि गुरुपादप्पाची झोप उडाली. पोरीला जरा ढाळ झाला की हा गाडी जुंपायला धावायचा. त्यातच मास्तर रिटायर झाले. मुलगा औरंगाबादला नोकरीला, त्याच्याकडं जायचं ठरलं. मास्तर इमानदार, त्यांनी चिंचोलीला निरोप धाडला. चाळीस हजाराची बोली झाली, गुरुपादप्पानं पाच हजार बयाना दिला. कागद केला नाही. मास्तराला कागद मागायचा कसा?

आणि ऑगस्टात लातूर जिल्हा झाला.

मिठाई वाटली, फटाके उडाले, गोलाईत बँड वाजला. दुसऱ्या दिवसापासून गावभागातली घरं सोन्याची झाली. काल ज्या बोळीत गाढवं लोळत होती तिथं जीपगाड्या थांबायला लागल्या. कलेक्टर येणार, कचेऱ्या येणार, वकील-डॉक्टर येणार. दलाल दारोदार हिंडत होते.

गुरुपादप्पा मास्तरांकडं गेला. मी बरोबर होतो. मास्तर खाली बघत बोलले.

"गुरुपादप्पा, शेजारचं घर पासष्ट हजाराला गेलं. मुलाचं पत्र आलं, बाबा, घाई करू नका म्हणून. मी पंचावन्न म्हणतो. याच्या खाली मला मुलाला तोंड दाखवता येणार नाही."

"गुरुजी, बयाना चाळीसाच्या बोलीवर दिलाय."

"हो. पण लिहिलेलं काही नाही ना?"

सौदामिनीबाई आत निघून गेल्या. थोड्या वेळानं एक तांब्या पाणी बाहेर आला. गुरुपादप्पानं तो प्याला आणि म्हणाला, "पंचावन्न तर पंचावन्न. दिवाळीपतोर टाइम द्या."

पंधरा हजार कमी पडत होते, म्हणजे शेत. घरी आल्यावर त्यानं नागम्माला सांगितलं. भिंतीपलीकडं गिरणी बंद होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"शेत इका," ती म्हणाली. "कोपरा न्हाई."

"अगं, चार एकराचा एकच नंबर हाय. कोपरा कसा काढायचा?"

"ते मला काय इचारताव? पोरगं तितं बसलंय."

"अन् ही पोरगी? हिला कुठलं पाणी पाजू? सांग. झिऱ्याचं?"

तिनं हातातलं भांडं खाली आपटलं. मग म्हणाली, "कोपरा सोडून इका. माझं तेवढंच हाय."

गिऱ्हाईक घरातलंच मिळालं. गुरुपादप्पाच्या चुलत बहिणीचा नवरा सिद्रामप्पा, गावातलाच. शेत त्याच्या शेताला लागून. पैका रोख. आम्ही तिघं ओसरीवर बसलो. नागम्मा दाराच्या आत उभी. कोपऱ्याचा विषय निघाला तसा सिद्रामप्पा म्हणाला, "एक गुंठा वगळायचा म्हटलं की मोजणी आली, नकाशा आला. सहा महिनं जात्यात. तुजा मास्तर थांबतोय का?"

"न्हाई थांबत, दाजी."

"मग? मी काय परका हाय? समाधीवर नांगर घालीन व्हय मी?" त्यानं सदऱ्यात हात घातला, गळ्यातलं लिंग बाहेर काढलं, मुठीत धरलं. "हे हातात धरून सांगतो. त्या लिंबाच्या सावलीत माजं औत शिरणार न्हाई. झालं?"

झालंच होतं. आमच्याकडं याच्या वर काही नसतं. तेवढ्यात आतून नागम्माचा आवाज आला.

"दाजी, शपथ झाली. आता दोन ओळी लिवा की."

सिद्रामप्पा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा असा झाला, जशी कुणीतरी तोंडात मारली. "लिंग हातात धरल्यावर कागद मागती व्हय ही? मग मला लिंगायत म्हनू नका. ऱ्हाऊ द्या तुमचं शेत तुमाला."

गुरुपादप्पानं त्याचा हात धरला. "बसा, दाजी, बसा. तिच्या बोलण्यावर जाऊ नका." आणि दाराकडं बघून खेकसला, "पाव्हण्याला कागद मागतीस? उद्या बहिनीच्या दारात कोन्त्या तोंडानं जाऊ?"

आतून पावलं मागच्या दारी गेली. बांगडीसुद्धा वाजली नाही.

दस्त झाला. मी सही केली. कारकुनानं चतुःसीमा लिहिल्या, बांधावरच्या बोरी लिहिल्या, वरच्या कोपऱ्यातला लिंबसुद्धा एक नग म्हणून लिहिला. लिंबाखाली कोण आहे ते लिहिलं नाही. मला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. खरं तेच सांगतो.

दिवाळीनंतर ती माणसं लातूरला गेली. गुरुपादप्पानं गोलाईच्या मागच्या गल्लीत लहानसं दुकान किरायानं घेतलं. महानंदा मुलींच्या शाळेत जाऊ लागली. पहिल्या दिवशी त्यानं आडातून घागर काढली, पोरीच्या हातात तांब्या दिला आणि ती पीत असताना तिच्या गळ्याकडं बघत राहिला. त्या घरात पोरीला कधी ढाळ झाला नाही. हेही सांगायला पाहिजे.

नागम्मा पाणी शेंदायची, स्वयंपाक करायची. पण त्या घरात तिचा पाय ठरला नाही. मी बाजाराला गेलो की भेटायचो. एकदा म्हणाली, "भावजी, सबंध घरात बोटभर माती न्हाई. तुळस लावावं म्हटलं तर डब्यात. इतं माणूस मेलं तर ठेवायचं कुठं?"

"आहे की वहिनी, समाजाची जागा आहे गावाबाहेर."

"ती समाजाची," ती म्हणाली.

दर साली चैत्रात, पोरगं गेलं त्या तिथीला, ती पहिल्या एसटीनं चिंचोलीला यायची. त्र्याऐंशीला आली, चौऱ्याऐंशीला आली. सिद्रामप्पा बोलल्याप्रमाणं वागला. त्याचं औत लिंबापासून तीन तासं, म्हणजे नांगराच्या तीन रेघा, आधीच वळायचं. कोपऱ्यात गवत माजलं होतं, दगड होते तसे होते. पण चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात सिद्रामप्पा छातीत कळ येऊन गेला. शेत पोराच्या नावावर झालं. शपथ बापाची होती, ती सातबाऱ्यावर नव्हती.

पोरगा शिवमूर्ती. तसा वाईट नाही. लातूरला ये-जा करून त्याला वारं लागलं होतं. नव्या जिल्ह्याला विटा पुरत नव्हत्या. जिकडं बघावं तिकडं क्वार्टरं, लॉज, दुकानांचे गाळे उठत होते. एका वीटभट्टीवाल्यानं त्याला माती मागितली. दोन वर्षं माती काढायची, एका वेळी एवढा पैका की जवारीनं दहा वर्षांत दिला नसता. शिवमूर्तीनं दिली.

मी त्याला गाठून विचारलं होतं. "लिंबाखालचा कोपरा, बाबा?"

"हाव काका, माहीत हाय मला. मुकादमाला सांगितलंय, तेवढं सोड म्हनून."

मी त्यावर विसंबलो. गिरणीचा पट्टा तुटला होता, शेताकडं बघायला गेलो नाही. पट्टा तुटला नसता तरी गेलो नसतो.

पंच्याऐंशीच्या चैत्रात नागम्मा आली. हातात दुधाची बाटली, ओच्यात भस्माची पुडी. गिरणीपुढं थांबली. मी म्हणालो, "वहिनी, चहा घ्या आधी."

"आल्यावर."

मग मी तिच्याबरोबर निघालो. वाटेत सांगायला पाहिजे होतं, भट्टी लागलीय म्हणून. लिंब वळणावरूनच दिसायचा. वळण आलं आणि लिंब नव्हता.

शेतही नव्हतं. छातीइतका खोल खड्डा, वरच्या बांधालगतची पट्टी सोडली तर पार खालच्या बांधापर्यंत. खाली बाया-माणसं चिखल तुडवत होती, कच्च्या विटांच्या रांगा वाळत होत्या, कडेला दोन भट्ट्या धुपत होत्या. नागम्मा वरच्या बांधावर गेली, वळली आणि पावलं मोजत चालू लागली. मोठ्यानं. तिला पाठ होतं, बांधापासून बावीस पावलं. सतराव्या पावलाला कड संपली. ती तिथंच उभी राहिली, पुढच्या पाच पावलांच्या जागी खाली हवा.

खालून एका बाईनं वर बघितलं. चांगुणा तिचं नाव, भट्टीवर राबणारी, गुडघ्यापर्यंत चिखलात.

"कुणाला बघून राहिल्या, माय?"

"इतं लिंब होता."

"व्हता की. भट्टीतच जाळला."

"त्याच्या बुडाला दगडं व्हते."

चांगुणा चिखलातून बाहेर निघाली, पदराला हात पुसत वर आली. नागम्माच्या गळ्याकडं बघितलं. "तुमचं व्हतं व्हय?"

"पोरगं."

तेवढ्यात मुकादम ओरडला, "ये चांगुणा, गप्पा हाणायला ठिवलीय का तुला?"

"थांब रं मुडद्या!" ती तिकडं न बघता म्हणाली. मग आवाज खाली आणून नागम्माला सांगितलं, "मी फावडं टाकलं व्हतं, माय. याला म्हनलं, इतं मानूस हाय. ह्यो म्हनला, ढोराची हाडं हायत, चल, हान. मी म्हनलं, ढोराच्या गळ्यात लिंग असतंय व्हय रं? तरी बी न्हाई ऐकला."

"हाडं कुठं हायत?"

"हाडं म्हनायला काय राहिलं न्हवतं. हात लावला की पीठ. मातीतच गेली." ती पळत आपल्या झोपडीकडं गेली आणि मुठीत काहीतरी घेऊन आली. चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलं होतं, काजळी धरलेलं. सुपारीएवढं काळं लिंग. "देव म्हनून ठिवला. रोज हळद-कुंकू वाहत व्हते. चुकलं असंल तर पदरात घ्या."

नागम्मानं ते तळहातावर घेतलं, डाव्या. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "त्या मातीच्या विटा कंच्या?"

चांगुणानं पूर्वेकडच्या भट्टीकडं बोट केलं. "परवा इजवली. अजून ऊन हाय."

मी लातूरला माणूस पाठवला. गुरुपादप्पा दुपारच्या गाडीनं आला. नागम्मा त्या भट्टीला पाठ लावून बसली होती, एवढ्या उन्हात, एवढ्या धगीत. दूध नासून गेलं होतं. तो तिच्यापुढं उभा राहिला.

"ह्या विटा घ्या," ती म्हणाली.

"किती?"

"समद्या."

भट्टीचा मुनीम हसला. बावीस हजार होत्या. सगळ्या एका सरकारी कामाला बोललेल्या. शिवमूर्ती मोटारसायकलीवरून आला, खाली उतरून हात जोडले. घाम फुटला होता त्याला. "मामी, मी सांगितलं व्हतं. आईची आन. मुकादमानं मातीच्या लोभानं... मामी, पायजे तेवढ्या न्या, फुकट न्या."

"फुकट न्हाई," नागम्मा म्हणाली. "इकलंय ते इकतच घ्यावं लागंल."

शेवटी एक ट्रॉली ठरली, हजारभर विटा. कोणत्या घ्यायच्या ते चांगुणानं सांगितलं. कोणत्या दिवशी कुठली माती तुडवली, कुठली रांग कधी लागली, ते तिच्या ध्यानात होतं. "ही रांग त्या दिसाची. ही बी. ह्या न्हाईत." गुरुपादप्पा एकेक वीट उचलून ट्रॉलीत ठेवत होता, टाकत नव्हता. विटा गरम होत्या, त्याच्या हाताला फोड आले. नऊ वर्षांच्या लेकराच्या किती विटा होतात, ते तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकीच्या एकवीस हजार दुसऱ्या दिवशी गेल्या. कुठल्या इमारतीत लागल्या ते मला विचारू नका. लातूरात नवी भिंत दिसली की नागम्मा थांबून बघते, हे मी दोनदा बघितलंय.

ट्रॉली बोळीत शिरली तेव्हा शेजारी विचारत होते, "काय अप्पा, माडी चढवताव काय?"

"हाव," गुरुपादप्पा म्हणाला.

आडाला पूर्वी गुडघाभर दगडी कड होती. तिच्यावर विटांचा कठडा बांधायचा, हे नागम्मानंच ठरवलं. गवंडी आला, विटा वाजवून बघितल्या आणि तोंड वाकडं केलं. "अप्पा, निम्म्या कच्च्या हायत. गिलावा केल्याबगर टिकत न्हाईत."

"गिलावा बेडा," नागम्मा म्हणाली.

गवंड्याला बेडा कळलं नाही. गुरुपादप्पानं सांगितलं, "गिलावा करायचा न्हाई."

दुसऱ्या थराला नागम्मानं गवंड्याला बाजूला व्हायला सांगितलं. एका विटेच्या बुडाशी ते लिंग ठेवलं, भस्माची पुडी सोडली, आणि म्हणाली, "आता लाव." कुठली वीट ते तिला माहीत, गवंड्याला माहीत. गुरुपादप्पा त्या वेळी पाठ करून उभा होता. उरलेल्या विटा आडाभोवती जमिनीवर बसवल्या. महानंदा शाळेतून आली, दप्तर टाकून कठड्यावर रेलून आत डोकावली. मी दचकलो. नागम्मा म्हणाली, "रेलू द्या तिला."

पुढच्याच साली बोळीच्या तोंडाशी तीन मजली लॉज उठलं. बोअर घेणारी गाडी आली, दोन दिवस आणि दोन रात्री घरघरत होती. मग शेजाऱ्यानं घेतला, मग पलीकडच्या डॉक्टरनं. आडाचं पाणी दोरीदोरीनं खाली गेलं. दोनदा दोर वाढवला. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात घागर खडकावर वाजली. बहात्तरात न आटलेला आड. गुरुपादप्पा वाकून बघत होता. इतका वेळ, की शेवटी नागम्मानं हात धरून त्याला मागं घेतलं.

आता बोळीत टँकर येतो.

त्या उन्हाळ्यात मी पिठाचं पोतं घेऊन त्यांच्याकडं गेलो होतो. ओसरीवर एक गिऱ्हाईक बसलं होतं. चन्नबसप्पा, उदगीरचा कापडवाला, बोटात चार अंगठ्या. त्याला हे घर पाडून गाळे काढायचे होते. दीड लाखाला तयार होता. गुरुपादप्पाला तो पैका हवा होता. महानंदा चौदाची झाली होती, दुकान धड चालत नव्हतं, आणि ज्यासाठी घर घेतलं ते तर आटलं होतं. त्यानं पुन्हा पुन्हा आकडा विचारून घेतला.

"आड तर कोरडाच हाय," चन्नबसप्पा म्हणाला. "हा कठडा पाडून बुजवून टाकू. चार गाळे निघत्यात."

नागम्मा आतून येऊन दाराशी उभी राहिली. शेताचा सौदा झाला त्या दिवशी चिंचोलीला उभी होती तशीच, दाराच्या आत.

गुरुपादप्पानं तिच्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "शेट, बाकी काय बी पाडा. कठडा पाडायचा न्हाई. गाळ्यांच्या मधे जागा राखून ठिवा त्याला. तेवढं दस्तात लिहा."

"कठड्याचं? दस्तात?" तो हसला. "अप्पा, लोक म्हनतील काय? बरं, न्हाई पाडत, चला. आपण एका धर्माची माणसं." आणि त्यानं सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, आत हात घातला. "हे लिंग हातात धरून सांगतो..."

"हात खाली घ्या," गुरुपादप्पा म्हणाला.

"अं?"

"शपथ नगं. लिहून द्या."

चन्नबसप्पाचा हात सदऱ्यातच राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी चपलांकडं बघितलं. मग तो उठला. उठताना म्हणाला, "माणसाला जरा इमान असावं, अप्पा." चहा तसाच राहिला.

नागम्मानं कप उचलला, आत नेला.

ते घर अजून विकलेलं नाही. नंतर आणखी दोघं येऊन गेले, दोघांनाही त्यानं हेच सांगितलं. लिहून द्यायला कुणी तयार झालं नाही.

परवा गेलो तर नागम्मा टँकरच्या रांगेतून घागर भरून आली. अंगणात आल्यावर तिनं घागर कठड्यावर टेकवली, दम घेतला. आता वय झालंय. कच्च्या विटा झिजायला लागल्यात. घागरीचं बूड लागलं की लाल भुकटी निघते, खाली सांडते. तिनं घागर आत ठेवली, केरसुणी घेऊन परत आली, भुकटी गोळा केली, मुठीत घेतली. केरात टाकली नाही. कठड्यावरून वाकली आणि आडात सोडली.

खाली पडल्याचा आवाज आला नाही.